हरलेल्या जजची खुर्ची

लिपोव्यात अर्विन क्रेनेकना नुसतं अर्विन म्हणणारं माणूस एकच, त्यांची बायको लोरीन. बाकी सगळ्या टालमन काउंटीला ते जज. न्हावी जज म्हणायचा, चर्चमधला फादर जज म्हणायचा, आणि ज्यांना त्यांनी दंड ठोठावलेला असायचा ती मंडळी कोर्टाचं दार ओढून घेतल्यावर जे काही पुटपुटायची, त्यातही पहिला शब्द जज हाच असायचा.

खुर्ची तशी लहानच. काउंटीच्या तिसऱ्या विभागाची. खून-दरोडे तिकडे तालुक्याच्या मोठ्या कोर्टात. इथे येणार ते वेगाने गाडी हाकणारे, भाडं थकवून वर कुत्रं पाळणारे, एकमेकांच्या बोकडांवरून हमरीतुमरीवर आलेले शेजारी. लग्नं लावायची. आणि कुणी आपल्या बिछान्यात गेलं, तर जाऊन कायद्याने सांगायचं की हा माणूस गेला. त्याशिवाय टेक्सासात मेलेल्यालाही पुरेसं मेलेलं समजत नाहीत. या कामाला वकिलीची परीक्षा लागत नाही. क्रेनेकसाहेब आधी गुरांच्या चाऱ्याचं दुकान चालवायचे, आणि कोर्ट भरायचं ते जुन्या गुरांच्या दवाखान्यात. पावसाळी हवेत भिंतींना अजून औषधाचा वास सुटायचा. दोन पक्षकार फारच भांडायला लागले की जज शांतपणे म्हणायचे, या खोलीत याआधी याहून मोठ्या जनावरांना आवर घातलेला आहे.

तर हे पद निवडणुकीने मिळतं, तेही पक्षाच्या नावावर. चोवीस वर्षांपूर्वी सगळी काउंटी डेमोक्रॅट होती, म्हणून जजही डेमोक्रॅट. त्यात विचार काही नव्हता. बाप कॅथलिक म्हणून पोरगं कॅथलिक, तसलं ते. सहा निवडणुका झाल्या. सहाही वेळा समोर कुणी उभंच राहिलं नाही, त्यामुळे जजना मत मागायची कधी वेळच आली नाही आणि ती विद्या ते शिकलेही नाहीत. मधल्या काळात काउंटी हळूहळू कूस बदलून रिपब्लिकन झाली. शेरीफ झाला, टॅक्सवाला झाला, काउंटी क्लार्क तर एका मंगळवारी जेवायला गेली ती डेमोक्रॅट आणि परत आली ती रिपब्लिकन. शेवटी सगळ्या काउंटीच्या कारभारात डेमोक्रॅट उरले दोन. एक क्रेनेक, आणि दुसरा तालुक्याच्या कोर्टाच्या दारातला पुतळा, ज्याला कुणी विचारलंच नव्हतं.

बदलायला जजचीही ना नव्हती. अडचण होती रॉइस मॅपची. रॉइस हा तिकडच्या पक्षाचा काउंटी अध्यक्ष, उमेदवारी अर्ज त्याच्याच हाती द्यायचा. आणि तीन वर्षांपूर्वी रॉइसचा वळू हमरस्त्यावर येऊन उभा राहिला म्हणून जजनी रॉइसला दंड केला होता. वळू सज्जन होता असं जजचं मत, दोष मालकाचा. आता त्याच रॉइसकडे आपणहून जायचं कसं? जजना वाटायचं, त्याने येऊन विचारावं. रॉइसला वाटायचं, यांनी येऊन मागावं. दोघंही दर रविवारी चर्चमध्ये एकाच बाकावर बसून वाट पाहायचे.

अशात डिसेंबर उजाडला आणि फायर ब्रिगेडचं सॉसेज-जेवण आलं.

आमच्याकडची फायर ब्रिगेड गावकऱ्यांचीच, बिनपगारी. वर्षातून एकदा हॉलमध्ये धुरी दिलेले सॉसेज, बटाटे आणि जर्दाळू घातलेली, गोड पावासारखी कोलाची यांचा जेवणाचा बेत होतो, आणि हरणांच्या शिकारीच्या रायफलीची सोडत निघते. रायफल म्हटल्यावर कागद आलाच: मी इथला रहिवासी आहे, अठराच्या वर आहे, माझ्यावर गंभीर गुन्हा नाही, शपथपूर्वक लिहून देतो. त्याच हॉलमध्ये त्याच संध्याकाळी रॉइसने पक्षाचे उमेदवारी अर्जही आणून ठेवले होते, कारण अर्जांची मुदत सोमवारी संपत होती आणि काउंटीतली सगळी माणसं एका छपराखाली पुन्हा सापडणार नव्हती. त्या अर्जातही तेच: इथला रहिवासी, वय, गुन्हा नाही, शपथपूर्वक. शपथ द्यायला अधिकारी हवा. अधिकारी हजर होता, पण तो कोपऱ्यातल्या टेबलावर डॉमिनो खेळत होता आणि त्याचा डाव भरात आला होता.

ही पद्धत आमच्याकडे जुनीच. जज डाव सोडत नाहीत. माणसं टेबलापाशी कोंडाळं करतात, जज डाव्या हातात सोंगट्या झाकून उजवा हात वर करतात, "शपथेवर सांगता ना?" म्हणतात, सगळे "सांगतो" म्हणतात, मग कोणीतरी कागदांचा गठ्ठा सरकवतं आणि जज खालच्या ओळीवर सह्या करत जातात. त्या संध्याकाळी एकतीस सह्या झाल्या. जजनी डावही जिंकला.

मंगळवारी सकाळी कळलं की तिसऱ्या विभागाच्या जजच्या जागेसाठी रिपब्लिकन पक्षातर्फे कोडी स्ट्रिबलिंग नावाच्या इसमाने अर्ज भरला आहे.

कोडी कोण हे जजना आठवायला दोन दिवस लागले. नदीपलीकडच्या स्ट्रिबलिंगांचा धाकटा, वय अठ्ठावीस, ट्रक चालवतो, नुकतंच लग्न झालंय. लग्न जजनीच लावलं होतं, हे लोरीनने आठवण करून दिलं. जजना फार लागलं ते. म्हणाले, मुलगी मी त्याच्या हवाली केली आणि हा माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून होता.

त्यानंतर जे वर्ष गेलं ते जजच्या आयुष्यातलं सर्वांत वाईट. कारण कोडी स्ट्रिबलिंग कुठे दिसेचना. ना चर्चमध्ये, ना चाऱ्याच्या दुकानात, ना शाळेच्या फुटबॉल सामन्याला. घराला कुलूप. समोर कुणी नव्हतं म्हणून मार्चमधली पक्षांतर्गत निवडणूक त्याने घरी न येताच जिंकली. जजना वाटलं, हे कुणीतरी शिकवलेलं आहे. हा मोठा कावेबाज मनुष्य आहे. आपण काय करतो ते लांबून बघतोय आणि शेवटच्या महिन्यात झडप घालणार. रॉइसला विचारलं तर तो सॉसेज खाताना करतो तसे डोळे अर्धे मिटून म्हणायचा, "होतकरू मुलगा आहे, बघाल तुम्ही." रॉइसलाही तो कुठे आहे हे माहीत नव्हतं, हे जजना पुष्कळ उशिरा कळलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गावभर पाट्या लागल्या. लाल अक्षरं: जजपदासाठी कोडी स्ट्रिबलिंग. पक्षाने सगळ्याच उमेदवारांच्या छापून घेतल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी कोर्टाचं दार उघडून तेलाने माखलेली टोपी हातात धरलेला एक तरुण आत आला. सहा फूट उंची, उन्हाने रापलेलं तोंड, आणि घाबरलेला इतका की जजना वाटलं वेगाने गाडी चालवल्याच्या दंडाचं तिकीट घेऊन आलाय.

"जजसाहेब, माझ्या आईच्या अंगणात माझ्या नावाची पाटी आहे," तो म्हणाला. "ती कुणी लावली?"

ही झडप असणार, एवढंच जजच्या मनात आलं.

"मी नऊ महिने तिकडे पश्चिमेला तेलविहिरींवर होतो, साहेब. बायको, केली, तीही होती बरोबर. काल आलो. पेट्रोल भरायला थांबलो तर सगळे पाठीवर थाप मारतायत. मी म्हटलं रायफल लागली वाटतं."

"कसली रायफल?"

"सोडतीची. मी कागद भरला होता ना त्या रात्री. तुमच्यासमोरच तर शपथ घेतली. तुम्ही म्हणालात, शपथेवर सांगतोस ना, मी म्हटलं सांगतो."

जजना एकदम बसावंसं वाटलं, पण ते आधीच बसलेले होते.

दोघं मिळून जजच्या गाडीतून तालुक्याला गेले आणि क्लार्कबाईंकडून तो अर्ज काढून घेतला. वर कोडीचं गिचमिड अक्षर. 'कोणत्या पदासाठी' या रकान्यात रॉइसच्या हातचं टापटीप अक्षर. आणि खाली, शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याची सही म्हणून, चोवीस वर्षं मुरलेली, शेवटच्या अक्षराला वळूच्या शेपटीसारखा झटका असलेली सही: अर्विन जे. क्रेनेक.

रॉइसला गाठलं. तो त्याच्या गोठ्यात होता आणि त्याने काहीच नाकारलं नाही. दोन गठ्ठे होते, पोराने चुकीच्या गठ्ठ्यातला कागद उचलला, पदाचा रकाना कोरा सोडला. रॉइसने घरी जाऊन अर्ज मोजले तेव्हा एक जास्तीचा निघाला, आणि नेमकं जजच्याच जागेला कुणी नव्हतं. देवाने पाठवला म्हणून त्याने रकाना भरून टाकला. आता नाव मागे घेण्याची मुदतही ऑगस्टमध्ये संपली होती.

"तुम्ही तक्रार करा ना, जज," रॉइस वळूला खाजवत म्हणाला. "म्हणा की शपथ खोटी होती. म्हणा की मी न वाचता सही केली. मीही सांगेन माझं काय असेल ते."

घरी येताना जजच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. आपण न वाचता सह्या करतो असं एकदा कोर्टापुढे कबूल केलं की मग एकतीस कागदांवर थांबतंय कोण? चोवीस वर्षांतले दाखले. जमिनींचे करार. आणि लग्नं. सहाशेच्या वर लग्नं लावली होती त्यांनी, त्यातली निम्मी नृत्याच्या हॉलमध्ये, बँड वाजत असताना. या गावात सकाळी उठून कुणाला कळलं की आपलं लग्न कच्चं आहे, तर त्यातले किती जण पक्कं करायला येतील याचा जजना मुळीच भरवसा नव्हता.

लोरीनने सगळं ऐकून घेतलं. "आपलं फादरने लावलंय," ती म्हणाली. "दुर्दैवाने."

तिचा हिशेब वेगळा होता. नवरा हरला तर तो घरी बसणार, आणि अर्विनला घरी बसवून काय करायचं याची तिने यादी केली होती, ती अर्विननी फ्रीजवर पाहिली होती. त्यात बहिणीबरोबरची बसची सहल होती, बारा दिवसांची. भजनमंडळ होतं. परसातलं तळघर होतं, ज्यात एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून कुणी उतरलेलं नव्हतं. जजना खुर्ची हवी होती ती सत्तेसाठी असं म्हणणारे म्हणोत. ती त्यांना त्या तळघराबाहेर राहण्यासाठी हवी होती. आणि सोमवारी सकाळी आठ वाजता कुणीतरी उभं राहून आपल्याला जज म्हणावं, म्हणजे आठवडा सुरू झाल्यासारखा वाटतो, यासाठी हवी होती.

मग जज आणि कोडीने एक तह केला. कोडी म्हणाला, मी हरतो. त्यात काय अवघड आहे, मी सगळ्यांना सांगतो मला मत देऊ नका. जजनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, पोरा, तू माझ्यावर मोठा उपकार करतोयस.

ऑक्टोबरभर लिपोव्यात जो प्रचार झाला तसा मी या काउंटीत दुसरा पाहिलेला नाही. चर्चच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा झाली. जज उठले. चोवीस वर्षांत मत न मागितलेला माणूस. त्यांनी घसा खाकरला, मी इथेच आहे, असं म्हणाले, आणि बसले. मग कोडी उठला. म्हणाला, "मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. हे काम मला नको आहे. जजसाहेब माझ्यापेक्षा शंभर पट बरे आहेत. मला मत देऊ नका."

मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. म्हाताऱ्या मिसेस ऱ्हुस्का डोळे टिपत म्हणाल्या की राजकारणात खरं बोलणारा माणूस मी मरायच्या आधी बघितला. कोडी बिचारा घाबरून आणखी खरं बोलला. सांगितलं की शाळेत दोनदा नापास झालोय, एकदा शेजाऱ्याचा पत्र्याचा डबा बंदुकीने उडवलाय. लोक म्हणाले, लपवत काही नाही हो. दुसऱ्या दिवशी त्याने आईच्या अंगणातली स्वतःची पाटी उपटली आणि तिथे जजची लावली, तर तालुक्याच्या पेपरात छापून आलं: स्ट्रिबलिंग यांचा दिलदारपणा. कोडीने घरोघर जाऊन हात जोडले. जितके हात जोडले तितकी मतं वाढली. इकडे जज मात्र कुणाच्या दारात पाऊल टाकायला तयार नाहीत. कंबर ताठ. मी चोवीस वर्षं काम केलंय, लोकांना दिसत नाही का, असं ते आरशातल्या माणसाला विचारायचे.

खरं सांगायचं तर दोघांनी काहीच केलं नसतं तरी तेच झालं असतं. मतदानाच्या यंत्रावर पहिल्याच पडद्यावर पक्षाचं नाव असतं. त्यावर एकदा बोट ठेवलं की वरपासून खालपर्यंत सगळी मतं त्या पक्षाला. पुढे बघायची गरज नाही. काउंटीतली दहातली सात माणसं रिपब्लिकनवर तेच एक बोट ठेवून घरी कापूस बघायला जातात. मतदानाच्या दुपारी मिसेस ऱ्हुस्कांनी रस्त्यात जजना गाठून सांगितलं, "तुलाच दिलं हो मत, जज. बोट ठेवलं आणि आले." कुठे ठेवलं हे जजनी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी आकडे कोर्टाच्या दारावर लागले. स्ट्रिबलिंग एक हजार सहाशे बारा. क्रेनेक सातशे एकोणपन्नास. पण खरी गंमत पुढे. त्या दिवसभरात निदान हजार माणसांनी जजना भेटून सांगितलं की आम्ही तुम्हालाच मत दिलं, हे झालं कसं?

जजनी टोपी घातली, घरी गेले आणि तळघराचं झाकण उघडून बघितलं. लोरीन म्हणाली, आज नको, सावकाश. तिने तेवढी दया दाखवली.

कोडी तिसऱ्या दिवशी रडवेला होऊन आला. त्याला विहिरीवर परत बोलावलं होतं, रोजी चांगली होती, केलीला सहावा महिना होता. जजपदाची शपथ एक जानेवारीला होती. "मी नाही घेतली तर काय करतील, साहेब? तुरुंगात टाकतील?"

आता जजनी चोवीस वर्षांत पहिल्यांदा कायद्याचं पुस्तक आपण होऊन उघडलं. इतकी वर्षं ते मांडीवर ठेवून त्यावर जेवणाचा डबा ठेवायचे. दोन दिवस वाचलं. आणि तिथे ते सापडलं, राज्याच्या घटनेतच, साध्या शब्दांत: नवा अधिकारी शपथ घेऊन रुजू होईपर्यंत जुन्याने काम चालू ठेवायचं. किती दिवस? ते लिहिलेलंच नाही.

जजनी ते कोडीला तीनदा वाचून दाखवलं. म्हणाले, तुला काहीच करायचं नाहीये. फक्त यायचं नाही. कोडीने जजना मिठी मारली आणि ट्रक घेऊन पश्चिमेला निघून गेला. रॉइस मॅपने थोडी कुरकुर केली, पण रकाना कुणी भरला हे त्यालाही आठवत होतं. काउंटीच्या मंडळाने एका बैठकीत विषय घेतला आणि पुढच्या बैठकीत ढकलला, आणि आमच्या मंडळाची पुढची बैठक म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. एक जानेवारीला सकाळी आठ वाजता, साडेआठशेहून जास्त मतांनी हरलेले अर्विन क्रेनेक आपल्या खुर्चीत येऊन बसले, आणि दोन बोकडांचं भांडण ऐकायला घेतलं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण तेलाचा भाव पडला.

आयुष्यात जजनी कधी तेलाच्या भावाकडे बघितलं नव्हतं. कापसाचा आणि गुरांचा बघायचे. आता सकाळी उठून पहिलं ते. पिंपाचा भाव पंधरा दिवसांत इतका उतरला की विहिरी बंद व्हायला लागल्या. भाव डॉलरने खाली आला की जज कोलाची अर्धी टाकून उठायचे. लोरीन म्हणायची, तुझी विहीर आहे का कुठे? जज म्हणायचे, एक आहे, तिच्यावर माझा पोरगा कामाला आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस कोडीचा फोन आला. चाळीस जणांना काढलं, त्यात तो. बाळ झालं होतं, मुलगी. आवाज अगदी खाली गेलेला. "साहेब, मी गावाला येतोय. केली म्हणते की... ते जजचं काम आहे ना, ते अजून माझंच आहे का?"

जजना नाही म्हणणं सोपं नव्हतं, कारण ते त्याचंच होतं. हो म्हणालेच, तर सोमवार गेले.

"तू ये," ते म्हणाले. "पण आल्या आल्या कुठे सही करू नकोस. मला दोन आठवडे दे."

आणि मग लिपोव्याने जे पाहिलं ते कुणाला खरं वाटलं नसतं. ज्या माणसाने स्वतःसाठी कधी कुणाचं दार ठोठावलं नाही, तो टोपी हातात धरून दारोदार फिरायला लागला. कोडीला काम द्या. चाऱ्याच्या दुकानात गेले, जे एके काळी त्यांचंच होतं. सॉसेजच्या कारखान्यात गेले. रस्तेवाल्यांकडे, वृद्धाश्रमात, कापसाच्या जिनात. जिथे गेले तिथे बसले, कॉफी घेतली, लोकांच्या गुडघ्यांची चौकशी केली, नातवंडांची नावं चुकीची घेतली आणि हसले. लोक चक्रावले. पण काम कुणी देईना, आणि कारण सगळ्यांचं एकच. सॉसेज कारखान्याचा मालक लॅडिस पावलिक म्हणाला, "जज, तो निवडून आलेला जज आहे. त्याला मी आतडी भरायला कसा लावू? उद्या माझ्याच गाडीच्या दंडाचं तिकीट त्याच्यासमोर आलं तर?"

"तो जज होणार नाही रे," जज म्हणाले.

"मग निवडून कशाला आला?"

जज रॉइसकडेही गेले शेवटी. गोठ्यात उभे राहिले, टोपी काढली, आणि चार वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले, की रॉइस, मला मदत हवी आहे. रॉइसच्या हातातून चाऱ्याची पाटी खाली पडली. काम त्याच्याकडे नव्हतं, पण त्याचा मेहुणा शाळेच्या बसगाड्या बघायचा आणि त्याच्याकडे नदीपलीकडच्या फेरीला महिनाभर ड्रायव्हर नव्हता. कोडीकडे ट्रकचं लायसन्स होतं. मेहुण्याने निवडणुकीचा विषयही काढला नाही. त्याच्या गळ्यात शाळेत पोचवायची एकोणतीस पोरं होती.

त्या संध्याकाळी जज दमून घरी आले. गुडघे दुखत होते, पण चेहरा वीस वर्षांनी तरुण झालेला. लोरीनने ताट वाढलं आणि समोर बसली.

"हे सगळं ऑक्टोबरात केलं असतंस," ती म्हणाली, "तर निवडून आला असतास."

"ते पक्षाच्या नावावरचं बोट असतं गं," जज म्हणाले.

"निदान आठशेवर तरी गेला असतास."

तेव्हापासून आमच्या काउंटीची व्यवस्था अशी आहे. हरलेला जज कोर्टात बसतो आणि निवडून आलेला जज शाळेची पिवळी बस चालवतो. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी बस कोर्टावरून जाते, आणि जज त्याच्या आधी येऊन पायरीवर उभे असतात. बस वेळेवर आली की आत जाऊन दिवा लावतात. पाच मिनिटं उशीर झाला की पायरी उतरून रस्त्यावर येतात. कोडीला सर्दी झाली तर लोरीन सूप करून पाठवते, आणि सूप नेऊन कोण देतं हे विचारायला नको. इंधन महागलं, टायर जुने झाले, शाळेच्या मंडळाने फेऱ्या कमी करायचं काढलं, की जज त्या बैठकीला हजर. आधी ते या बैठकांना कधी गेले नव्हते. आता उठून बोलतातही, आणि बरं बोलतात.

परवा बस कोर्टासमोर थांबली. कोडीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, माझी सासू विचारत होती. म्हणाली, निवडून येऊन इतके दिवस झाले, तू कामावर कधी रुजू होणार?"

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, जजना विचारतो."

जजनी बसमध्ये नजर टाकली. एकोणतीस पोरं काचांना नाकं लावून बसली होती.

"तिला सांग, प्रकरण विचाराधीन आहे," ते म्हणाले. "आणि चल आता. शाळेची घंटा होईल."